आयर्विनला किती?

पत्र सांगलीचं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, माझं वय ६७. आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर हात गप्प बसेनात म्हणून तीन वर्षांपूर्वी शिडाचं जहाज करायला घेतलं. मुंबईच्या गोदीत १८१७ साली पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' ही फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका. १:६४ माप, सगळी सागवानात. २०१९ च्या पुरात आतल्या खोलीचं दार गेलं, प्लाय उकलला, पण चौकटीचं सागवान शाबूत होतं. त्याच्याच दीड मिलिमीटरच्या पट्ट्या काढल्या. आता तिन्ही डोलकाठ्या उभ्या आहेत आणि दोरकाम चालू आहे.

गेल्या महिन्यात कृष्णा चढत होती. आयर्विन पुलापाशी पाणी ३६ फुटांवर होतं तेव्हा मी मधल्या डोलकाठीच्या दोरशिड्या बांधत होतो. बायको धान्याचे डबे माळ्यावर चढवत होती. तिने दोनदा हाक मारली. मी म्हणालो, एवढी रांग होऊ दे. रात्री अकराला शेजारचे निघाले. मी म्हणालो, गाठींना आत्ताच गोंद लावलाय, वाळू दे, सकाळी बघू. ती रात्रभर जागी होती. पहाटे ४० झालं, ४१ च्या आसपास थबकलं आणि उतरायला लागलं. आमच्या गल्लीत ४३ ला पाणी शिरतं. म्हणजे पाणी आलंच नाही. तरी ती तेव्हापासून कामापुरतंच बोलते. 'नदी दारात आणि तुम्ही जहाजात', एवढंच म्हणाली.

मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, बाबा, ते जहाज कुणाला तरी देऊन टाका. बायको आधी अशी नव्हती. जहाजाच्या कण्यात, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईत, चांदीचा खिळा ठोकायची पारशी कारागिरांची रीत मी सांगितली, तेव्हा तिनेच झिजलेलं जोडवं काढून दिलं होतं. माझं काय चुकलं? जहाज बंद करू का?"

काका, नमस्कार.

जहाज बंद करू नका. कुणाला देऊही नका. पण चुकलात, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जरा जास्तच चुकलात.

आधी ते "पाणी आलंच नाही" बाजूला ठेवू, कारण ते वाक्य तुम्ही काकूंनाही ऐकवलं असणार याची मला खात्री आहे. पाणी ४१ वर थांबलं यात तुमचं काही नाही. वर नवजा-महाबळेश्वरला पाऊस उघडला असेल, कोयनेचे दरवाजे खाली घेतले असतील, हरिपुराशी वारणेचं पाणी कमी आलं असेल. तुम्ही गोंद वाळायची वाट पाहत होतात म्हणून काही कृष्णा थांबली नाही. तो जुगार होता, लागला. लागलेल्या जुगाराचं कौतुक घरात फार करू नये, विशेषतः ज्या माणसाला न विचारता त्याचाही डाव लावला होता त्याच्यापुढे.

आयर्विन पुलापाशी इशारा ४० ला आणि धोका ४५ ला, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. मला त्यापेक्षा २०१९ आठवतं. तेव्हा माणसं घरात का थांबली? कारण प्रत्येकाच्या डोक्यात २००५ ची खूण होती. "पाचला उंबऱ्याला लागलं होतं, त्याच्या वर काय येतंय!" आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तुमच्याही आतल्या खोलीचं दार त्याच हिशेबात गेलं असेल. आता त्याच दाराच्या लाकडाचं जहाज करताना तुम्ही ४३ चा आकडा तसाच धरून बसला आहात. काकूंनी ते दारही पाहिलंय आणि हा आकडाही ऐकलाय. त्यांची झोप उडाली नसती तर नवल.

तुमच्या पत्रात एक गंमत आहे, राग मानू नका. पट्टीची जाडी दीड मिलिमीटर, माप एकास चौसष्ट, कोणत्या डोलकाठीची कोणती दोरशिडी, सगळं चोख आहे. कोयनेतून त्या रात्री किती क्युसेक सोडलं होतं, ते नाही. वारणेचं नाही. खालच्या अलमट्टी धरणाचं नाही. मोजमापात आयुष्य गेलेल्या माणसाच्या पत्रात हे आकडे नाहीत, कारण त्या रात्री ते तुमच्याकडे नव्हतेच. ते काकूंकडे होते. डबे चढवत, मोबाइल कानाशी धरून, कुणाला तरी "आयर्विनला किती?" विचारत त्या एकट्याच ते गोळा करत होत्या. घर दोघांचं, नदी मात्र त्यांच्या एकटीच्या अंगावर. त्यांना जहाजाचा राग आलाय असं मला वाटत नाही. तुम्ही पहारा सोडलात, त्याचा आलाय.

आता तुमच्या बाजूने थोडं बोलते, कारण हेही खरं आहे.

माझं माहेर कुरुंदवाडचं. नदीकाठच्या गावात पूर ही वाट बघायची गोष्ट असते. पाणी एकदम येत नाही, तासाला काही बोटं चढतं, आणि तो वेळ माणसाला खातो. २००५ ला आई सोप्यात बसून वाकळ शिवत होती. जुन्या लुगड्यांची, चार पदरी. बाहेर पाऊस, म्हशी आधीच वरच्या आळीला बांधलेल्या, गठुडी भरून दारात ठेवलेली, आणि ही शिवतेय. मी चिडले होते. पण तिची एक रीत होती. दाराच्या पायऱ्यांवर खालून दुसऱ्या पायरीशी तिने वीट ठेवली होती. वाकळीचा एक धावदोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, की सुई तिथेच खोचायची, गुडघ्यावर हात टेकून उठायचं, वीट बघून यायची. काही बोलायची नाही. परत सुई. तिसऱ्या का चौथ्या फेरीला वीट दिसली नाही. तिने सुई काढून केसांच्या अंबाड्यात खोचली, वाकळीची घडी घातली आणि म्हणाली, "उठा आता." आम्ही दिवसाउजेडी निघालो. ती वाकळ पुढे शाळेतल्या छावणीत पुरी झाली. अजून माझ्याकडे आहे. अर्ध्यातून पुढचे टाके जरा मोठे आहेत, छावणीत उजेड कमी होता.

आईला कुणी वेडी म्हटलं नाही. तुम्हाला म्हणतात, त्यात थोडा अन्याय आहे हे मी मान्य करते. बाईने पुरात वाकळ शिवली तर ती कामसू, पुरुषाने गाठी मारल्या तर तो छंदिष्ट! जहाज अंगावर पांघरता येत नाही हाच काय तो फरक. पाणी चढत असताना मोबाइलवर कुठल्या तरी धरणाचे जुनेपाने व्हिडिओ पाहत घर घाबरवत बसण्यापेक्षा खुंटगाठी मारणं कितीतरी बरं. हात कामात असले की डोकं जागेवर राहतं. तेव्हा पुढच्या पुरातही गाठी मारा, माझी काही हरकत नाही. फक्त दोरशिडीची एक रांग संपली की उठायचं आणि पायरी बघायची. उठून बघायची, आतून "किती झालं गं?" असं ओरडायचं नाही.

रात्री अकराचं मात्र मी सहज सोडणार नाही. "सकाळी बघू" हे दोन शब्द पुरात फार महाग पडतात. पहाटेपर्यंत गल्लीचं तोंड बंद झालं असतं तर पुढचा मार्ग बोटीचा होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं वाचवायला निघालेली नाव उलटली, ते तुम्ही विसरला नसाल. नाव लहान, माणसं जास्त, सगळ्यांना एकदमच निघायचं होतं. बोटीची वेळ येऊ न देणं हीच पुरातली खरी हुशारी, आणि नावांविषयी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरंगणारी वस्तू किती वजन पेलते हे ज्याला कळतं त्याने शेवटच्या खेपेला राहू नये.

आता जोडव्याकडे येते. तुम्ही ते एका वाक्यात लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले.

१८१६ साली जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली 'त्रिंकोमाली'चं काम सुरू झालं, तेव्हा कण्यात चांदीचा खिळा बसवला होता. जहाजाचं भलं व्हावं म्हणून. तुम्ही ही गोष्ट काकूंना सांगितलीत, आणि त्यांनी बाजारातून चांदीची तार आणा असं न म्हणता पायातलं जोडवं दिलं. झिजलेलं का असेना, जोडवं ते. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्या जहाजात आहेत, तेही कण्यात. तीन वर्षं खोलीभर पडणारा भुसा, वार्निशचा वास, चिमट्यांच्या शोधात उपसलेले त्यांचे शिवणाचे डबे, हे सगळं त्यांनी चालवून घेतलं असणार. अशी बाई "नदी दारात आणि तुम्ही जहाजात" म्हणते तेव्हा ती जहाज बाहेर काढा म्हणत नसते. तुम्ही बाहेर या, म्हणते.

तेव्हा आधी हे करा. माळ्यावर गेलेले धान्याचे डबे खाली कुणी उतरवले? काकूंनीच उतरवले असतील तर गप्प बसा आणि पुढच्या वेळी चढवायला आधी उठा. अजून वरच असतील तर आजच उतरवा. माफीचं भाषण नको. "माझं चुकलं, तू हाक मारलीस तेव्हा उठायला हवं होतं" एवढं पुरे, आणि त्याच्या पाठोपाठ "पण शेवटी पाणी..." असं काही तोंडातून आलं तर सगळं पहिल्यापासून.

मग एखाद्या कोरड्या संध्याकाळी दोघं बसून आकडे ठरवा. पाणी चढताना ठरवलेला आकडा कधीच खरा नसतो, माणूस तो फूटभर पुढे ढकलत राहतो. तुम्हीही तेच केलंत. तुमच्या गल्लीत ४३ ला शिरतं ना? मग मी तुमच्या जागी असते तर ३२-३३ ला जहाज हलवलं असतं, ३५ ला घरातलं सामान, आणि ३८ ला कुलूप. कोयनेचे सहाही दरवाजे उचललेत आणि वरचा पाऊस थांबत नाही असं कळलं, तर आयर्विनचा आकडा न बघता त्याच्याही आधी, कारण तिथे सोडलेलं पाणी आपल्या पुलाशी लागलीच दिसत नाही. आणि रात्र पडणार असेल तर दिवस मावळायच्या आत. माझे आकडे सोडा, तुमचे तुम्ही ठरवा. फक्त शेवटचा आकडा, कुलपाचा, काकूंनी सांगायचा. त्यांनी ३७ म्हटलं तर ३७. स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

जहाज सगळ्यात आधी हलवायचं, हे वाचून काकू भुवया उंचावतील. पण कारण सरळ आहे. ते घरात असेपर्यंत तुमचं लक्ष घरात नसतं. ते एकदा उंचावरच्या ओळखीच्या घरी पोचलं की तुमचे दोन्ही हात मोकळे झाले. मग सिलेंडर बंद करून बांधणं, इन्व्हर्टरची बॅटरी उचलणं, मेन स्विच पाडणं, काकूंच्या गोळ्या, सातबारा-आधार-पासबुकाची पिशवी, ही कामं तुमची. कागद लाकडी कपाटाच्या खणात ठेवून वर जाऊ नका. माझ्या बहिणीच्या कपाटाचे खण २०१९ ला असे फुगून बसले की तीन आठवडे उघडेनात. उघडले तेव्हा आतल्या कागदांचा लगदा झाला होता आणि वर बोटभर गाळ.

पेटी तुम्ही उत्तम कराल, सुताराला मी काय सांगणार. तरी करायच्या आधी दाराचं आणि शेजारच्या जिन्याच्या वळणाचं माप घ्या. १:६४ ला नुसता सांगाडा अडीच फुटांच्या आत बसला तरी पुढे झुकलेली काठी आणि मागचं शीड धरून लांबी बरीच वाढते, आणि उंची तर डोलकाठ्यांमुळे अडतेच. पेटीचा तळ जाड करा, जहाज स्टँडसकट तळाला स्क्रूने धरा, बाजू वरून टोपीसारख्या बसू द्या. दोन टोकांना कड्या, म्हणजे दोन माणसं लागतील. दुसरं माणूस कोण, ते त्या वेळी ठरेल. तुमच्याच माळ्यावर ठेवायचा मोह होईल. पाणी तिथे न पोचलं तरी बंद घरातली आठवडाभराची दमट हवा पोचते. पट्ट्यांना बुरशी धरेल.

आणि नेहमीचा पांढरा गोंद वापरला असाल तर तो ओलाव्यात मऊ पडतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. राहिलेल्या कामाला मरीनचा घ्या.

आराखड्यांचे फोटो काढून मुलाला पाठवा. आजच. तुमच्या 'त्रिंकोमाली'चीच गोष्ट आहे. विलायतेहून तिचे आराखडे 'जावा' नावाच्या जहाजावरून मुंबईला निघाले होते. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने ते जहाज पाडलं, आणि आराखडे त्याच्याबरोबर गेले. मग दुसरी प्रत पाठवावी लागली. दुसरी प्रत होती, म्हणून मलबारच्या सागवानाचं ते जहाज झालं आणि आज हार्टलपूलला पाण्यावर आहे. तुमच्याकडे दुसरी प्रत आहे का? फोटो काढताच आहात तर घरातल्या एकूण एक सामानाचेही काढा. फ्रीज, मशीन, कपाटं. पंचनाम्याच्या वेळी तोंडी सांगण्यापेक्षा ते बरं, आणि घराचा विमा काढायचा राहिला असेल तर त्यालाही कामाला येतील.

मुलाला यात फार ओढू नका. पुण्यात बसून त्याला भीती वाटते आणि भीतीपोटी समोर दिसेल त्या वस्तूवर बोट जातं. जहाज दिसलं, म्हणून जहाज. घर विकून पुण्याला या हेही तो कधीतरी म्हणेल, ते वेगळं प्रकरण आहे. त्यावर तुम्ही दोघांनी आधी एकमेकांशी बोला, मग त्याच्याशी.

मधल्या डोलकाठीच्या दोरशिड्या झाल्या की मागची डोलकाठी उरते ना? काकूंचे डोळे शाबूत असतील आणि मन असेल तर एक बाजू त्यांना विचारून पाहा. शिवणाचे डबे घरात असतील तर दोऱ्याला त्यांचा हात सराईत असणार. नाही म्हणाल्या तर आग्रह नको. तीन वर्षांत हे त्यांना कधी विचारलंत का, हे मात्र मला कळवा.

आणि आज संध्याकाळी आकाश भरलेलं असेल, तर आयर्विनला किती आहे ते त्यांनी विचारायच्या आत तुम्ही सांगा.

तुमची,
ताई

ता.क. दोरा सुती वापरला आहे का? सुती दोरा ओला झाला की फुगतो आणि लांबीला आखडतो. ताणून बांधलेला असेल तर वरच्या बारीक काठ्या वाकवतो, कधी मोडतोही. पावसाळ्यात दोरकाम करताना ताण जरा सैल ठेवा, किंवा पॉलिस्टरचा घ्या. आणि गाठींचा गोंद वाळायला किती वेळ लागतो हे एकदा घड्याळ लावून बघा. माझ्या माहितीत अर्ध्या तासाच्या वर लागत नाही. अख्खी रात्र तर नाहीच.